तेरचं लामतुरे म्युझियम नीट बघायचं असेल तर

तुळजापूरचं दर्शन झालं की बहुतेक जण गाडी थेट सोलापूरकडं वळवतात आणि तासाभरावरचं तेर राहूनच जातं. कुणी गेलंच तर गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडतं, म्युझियममध्ये दहा मिनिटं चक्कर टाकतं आणि "काय नाय, मडकी-बिडकी आहेत" म्हणत बाहेर येतं. आता मडकी आहेत हे खरंय, पण ती बघायची कशी हे तिथं कुणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

जायचं सोपंय. धाराशिवहून एसटी मिळते, स्वतःची गाडी असेल तर उत्तमच, आणि कुर्डुवाडी-लातूर लाइनवर तेर स्टेशनही आहे. म्युझियम सरकारी आहे त्यामुळे सोमवार आणि सणवार टाळा, निघायच्या आधी चालू आहे का ते विचारून घ्या. चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा असते तेव्हा गर्दीत म्युझियम बघायचा नाद करू नका, यात्राच करा.

पहिली गोष्ट म्हणजे गेल्या गेल्या म्युझियममध्ये शिरायचं नाही. आधी त्रिविक्रमाच्या देवळात जा. आत विष्णूची मूर्ती आहे, पाय उचलून तिन्ही लोक मोजणारी, तिचं दर्शन घ्या आणि मग बाहेरून देवळाला पूर्ण चक्कर मारा. मागची बाजू चौकोनी नाही, गोल वळलेली आहे, कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्याचा, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचा, आकार डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल, फक्त हे डोंगरात कोरलेलं नाही तर विटांनी उभं केलंय. बरेच अभ्यासक म्हणतात की हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं. मग गावाच्या कडेला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीची, टेकाडं आहेत तिकडं जरा फिरा, पायाखाली खापराचे तुकडेच तुकडे दिसतील. पेरिप्लस नावाचं पहिल्या शतकातलं एक ग्रीक टिपण आहे, त्यात गुजरातच्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असं दिलंय, तगरहून गाड्या भरून कापड बंदरावर जायचं असंही आहे, ते तगर म्हणजे हेच तेर.

हे डोक्यात ठेवून आता म्युझियममध्ये जा. इथला संग्रह मुळात रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच व्यापाऱ्यानं जमवलेला. पावसानं पांढर धुपली की मणी, नाणी, बाहुल्या वर येतात, ते सगळं या माणसानं वर्षानुवर्षं गोळा करून जपलं, वस्तूंची संख्या २३ हजारांच्या वर गेली, आणि आज ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. माझ्या मते दगडी मूर्ती शेवटी बघाव्यात, तशा मूर्ती महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहेत. तेरची खरी मजा बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंत आहे.

मण्यांपासून सुरुवात करा. लालसर कार्नेलियन दगडाचा एखादा लांबट मणी निवडा आणि त्याच्या भोकाकडं बघा, काच आड येते म्हणून मोबाइलचा कॅमेरा तिरका धरून झूम करा. भोक दोन्ही टोकांकडून पाडत आणायचे आणि मधे मिळवायचे, त्यामुळे काही मण्यांत ते मधोमध किंचित सरकलेलं दिसतं. हा दगड तापवला की लाली चढते, म्हणजे तो सुंदर रंगसुद्धा बऱ्याचदा भट्टीतला असतो.

मग पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. या केओलिनच्या आहेत, साच्याचे दोन अर्धे करून, प्रत्येकात माती दाबून, नंतर जोडलेल्या. म्हणून समोरून नाही, कडेनं बघायच्या, कानामागून खांद्यावर उतरणारी जोडाची रेघ कधीकधी सापडते आणि तुटलेली असेल तर आतली पोकळी दिसते. केसांची रचना मात्र समोरूनच बघा, काय एकेक तऱ्हा आहेत. त्याच भागात रोमन नाण्यांची मातीतली नक्कल शोधा, वर भोक असलेली, गळ्यात घालायला केलेली. खरं सोन्याचं नाणं सगळ्यांना थोडंच परवडणार, पण फॅशन तर करायचीय!

हस्तिदंती बाहुली कुठंय ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात भारतीय बनावटीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत गाडलेली, आणि ती कुठून गेली असेल हे शोधताना अभ्यासक तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या बाहुल्यांशी तिची तुलना करतात. पॉम्पेईच्या मूर्तीचा फोटो आधीच मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या, नेटवर्कचा भरवसा नाही, आणि दागिने, केस, उभं राहायची ढब एकेक करून ताडून बघा.

उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट पण इथंच ठेवलीय. आपल्या हवेत इतकं जुनं लाकूड टिकणं दुर्मिळ, त्यामुळे घाईत ओलांडू नका.

पोरं सोबत असतील तर मडक्यांपाशी त्यांना गोरोबाकाकांची गोष्ट सांगा, थापटण्यानं संतांची डोकी ठोकून बघितली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं ती. ज्या गावच्या कुंभाराची गोष्ट त्याच गावची मडकी समोर असतात, पोरं लगेच "हे पक्कं का कच्चं" सुरू करतात. फोटोची परवानगी आधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा.

आणि टेकाडावर मणी-बिणी दिसला तर उचलून खिशात घालायचा नाही. जागेवरच फोटो काढा, म्युझियममध्ये येऊन सांगा. जमिनीत सापडलेल्या किमती वस्तूची माहिती कलेक्टरला द्यायची असा १८७८ पासूनचा कायदा आहे. बाहेर कुणी "जुनं नाणं घेता का" म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं, खरं असेल तर लायसन्सशिवाय असल्या वस्तूंचा धंदा करणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि खोटं असेल तर तुमचे पैसे गेले.