बाबांचे चाळीस वर्षांचे लेख विषयवार लावताना

आमचे बाबा ग्रामीण समाजशास्त्र शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आणि त्यांचं लिखाण कपाटात, पलंगाखाली, माळ्यावरच्या ट्रंकेत असं घरभर. कुणाला असंच काम करायचं असेल तर आधी गठ्ठे पाडत बसू नका, आधी नुसती यादी करा. एक्सेल पुरे. शीर्षक, साल, कुठे छापलं, भाषा, कुठल्या गावातला डेटा, आणि कागद सध्या कुठे पडलाय.

यादी करताना कळतं की लेख वाटतात तेवढे नसतातच. एकच अभ्यास आधी सेमिनारचा सायक्लोस्टाइल पेपर, मग ईपीडब्ल्यूमधला (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) लेख, मग कुठल्यातरी संपादित पुस्तकातलं प्रकरण आणि वर दिवाळी अंकात मराठीतून! ही सगळी भावंडं एकाच फोल्डरमध्ये ठेवायची.

आता विषय. मी हौसेने लायब्ररीवाली ड्यूई पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा, लावायला गेले, तर सगळंच ३०० मध्ये, कारण सगळी सामाजिक शास्त्रं म्हणजेच ३००, आणि ऊसतोडीवरचा लेख ३०४.८ स्थलांतरात टाकू की ३३१ श्रमात यातच दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी बाबांनाच विचारलं, तुम्ही आयुष्यभर कशाकशावर लिहिलंत? चहा निवायच्या आत उत्तर आलं: पाणी, ऊस, रोहयो (रोजगार हमी योजना), जात आणि जमीन, गावचं राजकारण. झाले पाच खोके. माणूस हयात आहे तोवर त्यालाच विचारा बाबांनो.

दुष्काळाचा वेगळा खोका मात्र केला नाही, १९७२ चा दुष्काळ त्यांच्या निम्म्या लेखांत आहे, खोका केला असता तर त्याने बाकीचे गिळले असते. असे शब्द यादीत टॅगच्या रकान्यात टाकायचे. लेख दोन विषयांत बसत असेल तर त्यात मूळ प्रश्न कशाबद्दल विचारलाय ते बघून कागद तिथे ठेवायचा, दुसऱ्या खोक्यात नुसती चिठ्ठी. रोहयोचे मी दोन भाग केले, १९७७ च्या कायद्याआधीचे आणि नंतरचे, कारण आधी प्रश्न दुष्काळी कामांचा होता, नंतर हक्काचा झाला. पुस्तक परीक्षणं 'इतर'मध्ये ढकलू नका, ज्याच्या त्याच्या विषयात घाला.

गंजलेल्या पिना काढा, ३०० डीपीआयला स्कॅन करा, फाइलच्या नावात साल आधी. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइली युनिकोड नसतात, उघडल्या की नुसता कचरा दिसतो, तेव्हा छापील प्रत टाकू नका. नेटवर चढवायच्या आधी हक्क प्रकाशकाकडे तर नाहीत ना ते बघा.

फील्डच्या डायऱ्या विषयात घातल्याच नाहीत, गावाप्रमाणे लावल्या. त्यात लोकांची खरी नावं, कुणाचं कर्ज, कुणाची भांडणं आहेत, म्हणून त्यांचं स्कॅन फक्त घरच्या हार्डडिस्कवर, गूगल ड्राइव्हवर नाही.