ट्रकवरच्या क्रेनवर नवीन लागलात? आधी जॅकखालची माती बघा

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकवरच्या क्रेनवर हेल्पर म्हणून लागलात की ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, विजेचे खांब, कारखान्यातली मशिनं, सगळंच उचलावं लागतं. यंत्राचं भय बाळगू नका. पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा जोड) लावला की ट्रकचंच इंजिन हायड्रॉलिक पंप फिरवतं आणि तेलाच्या दाबावर बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, उठते, लांबते, फिरते. लिव्हर हाताला बसतात.

लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलता येतं याचा तक्ता) मात्र रेडियसवर, म्हणजे क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून मालापर्यंतच्या आडव्या अंतरावर, वाचायचा. 3 मीटरवर 3 टन उचलणारी क्रेन 9 मीटरवर 1 टनही पुरता उचलत नाही, कारण लांबवलेल्या बूमचं वजनही तिलाच पेलायचं असतं. हूक, शॅकल (जोडकडी), स्लिंग (माल बांधायचा पट्टा किंवा दोर) यांचं वजन मालातच धरा.

आता खरा धोका. बूम ज्या कोपऱ्यावर फिरते, तिथल्या एकाच जॅकवर (ट्रकला जमिनीवर टेकवणाऱ्या पायावर) बहुतेक भार येतो. समजा 8 टन आले. जॅकचा पाय 30 बाय 30 सेंमीचा असेल तर दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ 9 किलो. खाली 60 बाय 60 चा पॅड दिला तर सव्वादोन किलो, मीटर बाय मीटरचा दिला तर 0.8. भिजलेली चिकणमाती 1 किलोलाही खचते. पॅड जाड, न वाकणारा हवा. पातळ प्लायवुड वाकतं आणि सगळा भार परत पायाखालीच येतो.

गोव्यात फसवते ती लाल माती. मे महिन्यात दगडासारखी. जुलैत वरून तशीच दिसते, पण खालचा भराव पाणी पिऊन मऊ झालेला असतो. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावर जॅक टाकूच नका. जुन्या घराच्या अंगणात सोकपिट (शोषखड्डा) कुठे, बुजवलेली विहीर कुठे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चर 2 मीटर खोल असेल तर जॅक कडेपासून किमान 2 मीटर मागे, ओल्या मातीत 4.

माल 10 सेंमी उचलून मिनिटभर थांबा. पाणसळीतला बुडबुडा सरकला किंवा मागचा जॅक सैल झाला, तर माल खाली घ्या. ‘हलका माल आहे, आउटरिगर (जॅक बाजूला नेणारे आडवे हात) अर्धेच काढ’ म्हणणाऱ्या उस्तादाकडून लिव्हर शिका, ही सवय नको. थांबवायला धीर होत नाही, हे खरं आहे; तरी थांबवा. पॅड सरकवायला पाच मिनिटं लागतात.

स्लिंगचे दोन पाय आडव्याशी 60 अंशांत असतील तर 1 टन मालाला प्रत्येकावर साधारण 580 किलो ताण येतो. 30 अंशांत पूर्ण 1 टन. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) तारेपासून बूम आणि माल किमान 3 मीटर लांब. तेवढी जागा नसेल तर वीज खात्याकडून लाइन बंद करून घ्या. ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बूम उघडायची नाही.

निघताना बूम घडी, जॅक आत, पिना लावलेल्या, पीटीओ सुटलेला. हे चारही गाडीभोवती चालत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच गिअर टाका.