थंडीत रोपं दगावतात ती कशामुळे? या चुका टाळा

एखादी गार रात्र गेली की सगळा दोष हवेवर जातो. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांच्या रोपांना इजा व्हायला दहिवरच गोठावं लागतं असं नाही. काही रात्री पारा 10 अंशांखाली राहिला तरी पुरे. पण त्या रात्री रोप तग धरणार की नाही, हे ते कसं वाढवलं यावर ठरतं.

सगळ्यात जास्त रोपं मी पाण्याने मेलेली पाहिली आहेत. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या रोपांनी गार रात्रीनंतर लख्ख उन्हात माना टाकल्या. माती ओलीच होती, तरी त्याने पाणी सोडलं. रोपं सावरेनात म्हणून दुपारी पुन्हा सोडलं. पुढे ती बुडाशी कुजून आडवी झाली. थंड मातीत मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांतून मात्र उन्हाने पाणी उडत राहतं. त्यात आणखी पाणी ओतलं की वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा मेळ, जातो, मुळं गुदमरतात आणि बुरशीचं फावतं. मी आधी मातीत बोट खुपसतो. ओल लागली तर पाणी नाही, ऊन उतरेपर्यंत शेडनेटची सावली. गारठलेल्या पानांना प्रखर ऊन झेपत नाही, हेही त्यामागचं कारण. मात्र माती ठणठणीत कोरडीही नको. ओलसर माती दिवसाची ऊब जास्त साठवते. थंडी येणार असं दिसलं तर सकाळीच पाणी द्या.

दुसरी चूक घाईची. युरिया द्यायचा, ट्रे दाटीने ठेवायचे आणि आठवड्यात उंची वाढली म्हणून खूश व्हायचं! अशी लांबट, लुसलुशीत रोपं पहिल्याच गारठ्यात काळवंडतात. लागणीआधी 7 ते 10 दिवस नत्र (युरियासारखं नायट्रोजनचं खत) बंद, पाणी थोडं कमी आणि दिवसा मोकळी हवा, यात मी कधीच काटछाट करत नाही. काकडीला मात्र कणखर करायच्या नावाखाली गार रात्री उघड्यावर ठेवू नका.

पानं खालून जांभळी दिसली की लगेच खत टाकू नका. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, माती तापली की नवी पानं बहुधा हिरवी येतात. ट्रे गार फरशीवर नको. झाकलेलं प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका आणि ऊन चढलं की काढा. काळवंडलेली रोपं त्याच दिवशी उपटू नका, शेंडा हिरवा असेल तर नवा फुटवा येईपर्यंत थांबा.