‘तरीही’ इंग्रजीत नेताना: बट आणि अँडच्या पाठचा शब्द कसा निवडावा

अहवाल, तक्रार अर्ज, शिफारसपत्रं असा मराठी मजकूर इंग्रजीत करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. क्लासमध्ये पाठ करून घेतला जाणारा एक तक्ता या कामात वारंवार आडवा येतो. तरीही म्हणजे स्टिल, येट, हाऊएव्हर, नेव्हरदलेस, यांतला कुठलाही वापरा, असं त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता आधी बाजूला ठेवा. हे शब्द एकाच्या जागी दुसरा बसतील असे नाहीत.

‘बट’ वाचकाला विरोध आहे एवढंच सांगतं. पहिल्या अर्ध्या वाक्याचं काय करायचं, हे त्याच्या पाठोपाठ येणारं क्रियाविशेषण ठरवतं. ते खोडायचं, मान्य करून पुढे जायचं, की त्याची धार बोथट करायची? शब्द निवडण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा.

मूळ मराठीतला ‘पण’ खरोखर विरोधाचा आहे का ते बघा. ‘मी पण येते’ मधला ‘पण’ म्हणजे ऑल्सो, तिथे बटचा संबंध नाही. आणि जरी–तरी ही मराठीतली जोडी आहे. इंग्रजीत ऑल्दोने सुरुवात केली असेल तर पुढे बट येत नाही.

सोपे शब्द झटपट संपवू. ‘नव्हे, तर’ असेल तिथे नॉट आणि बट रादर. आधी नॉट नसेल तर बट रादर लिहूच नका. ‘ते न करता त्याऐवजी हे केलं’ असेल तर बट इन्स्टेड. ‘नुसतं हेच नव्हे, तर तेही’ याला नॉट ओन्ली आणि बट ऑल्सो, आणि यात विरोध नाहीच, भर आहे. बोलता बोलता स्वतःचाच शब्द दुरुस्त करायचा, ‘नाही, म्हणजे खरं तर’ म्हणायचं, तर ऑर रादर. बट हाऊएव्हर कधीच नको. दोन्ही शब्द एकच काम करतात, एक काढा.

आता ‘तरीही’. मी सर्वांत जास्त अडखळले ती जागा हीच.

एका वसाहतीचा पाणीपुरवठ्याबद्दलचा अर्ज मी इंग्रजीत करत होते. मूळ वाक्य होतं, ‘धरण भरलं आहे, तरीही नळाला पाणी नाही.’ मी लिहिलं, ‘द डॅम इज फुल, बट स्टिल द टॅप्स आर ड्राय.’ व्याकरणात चूक काहीच नव्हती, पण वाचताना ते रडगाणं वाटत होतं. नंतर ते ‘द डॅम इज फुल, अँड येट द टॅप्स आर ड्राय’ असं केलं आणि वाक्याचा रोखच बदलला. ‘अँड’ दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडतो. धरण भरलेलं आहे हेही खरं, नळ कोरडे आहेत हेही खरं. मग ‘येट’ विचारतो, या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा? उत्तर देण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते. अर्जाला नेमकं तेच हवं असतं.

बट स्टिलचं काम वेगळं आहे. अडचण होती, ती मोजली आणि ती पुरी पडली नाही, असं ते सांगतं. ‘द टॅप्स वेअर ड्राय, बट स्टिल वी कुक्ड फॉर फॉर्टी पीपल.’ नळ कोरडे होते, तरी आम्ही चाळीस माणसांचा स्वयंपाक केलाच. मराठीत हा जोर शेवटच्या ‘च’वर येतो. म्हणून मी स्वतःपुरती एक खूण ठरवली आहे. मराठी वाक्यात शेवटी ‘च’ सहज बसत असेल, ‘गेलोच’, ‘केलंच’, तर बट स्टिल. ‘असं कसं?’ हे शब्द पुढे जोडता येत असतील तर अँड येट. ही खूण व्याकरणाच्या पुस्तकातली नाही, पण मला ती क्वचितच फसवते.

स्टिलच्या जागेकडे मात्र नीट लक्ष द्या. ‘बट स्टिल ही गोज टू द ऑफिस’ म्हणजे तरीही तो ऑफिसात जातो. ‘बट ही स्टिल गोज टू द ऑफिस’ म्हणजे बहुधा अजूनही जातो. स्टिल कर्त्याच्या आधी आला तर अर्थ विरोधाचा. तो क्रियापदाला चिकटला की काळाचा अर्थ आत शिरतो. कर्ता गाळून ‘ही रिटायर्ड इन 2010 बट स्टिल गोज टू द ऑफिस’ असं लिहिलंत तर बट आणि स्टिल लागून आलेले दिसतात, तरी अर्थ ‘अजूनही’कडेच झुकतो. डोळ्यांना जोडी दिसते म्हणून ती जोडी आहे असं धरून चालू नका. येटचंही तसंच आहे. ‘अँड येट’मध्ये तो ‘तरीही’, पण ‘सबमिटेड बट नॉट येट अप्रूव्ह्ड’मध्ये तो साधा ‘अजून’. अर्ज दिला आहे, मंजुरी अजून नाही.

बट आणि येट दोन्ही एकत्र लिहिणं आज बहुतेक संपादकांना दुहेरी वाटतं आणि ते एक शब्द खोडतात. जुन्या इंग्रजीत ही जोडी सर्रास होती. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ नाटकात दूत आधी अँटनी खुशाल असल्याचं सांगतो आणि मग ‘बट येट’ म्हणून थांबतो. अँटनीने दुसरीशी लग्न केल्याची बातमी अजून यायची असते, पण त्याची प्रेयसी क्लिओपात्रा त्या दोन शब्दांवरच चिडते. आधीच्या चांगल्या बातमीवर हे शब्द पाणी ओतणार, हे तिने ओळखलेलं असतं. जोडी जुनी झाली, पण तिचं काम क्लिओपात्राने बरोबर हेरलं आहे.

बट देन वापरताना सावध राहा. एका पतसंस्थेच्या अहवालात वाक्य होतं, ‘ठेवी घटल्या, पण मग वसुली सुधारली.’ मी शब्दाला शब्द ठेवला, ‘डिपॉझिट्स फेल, बट देन रिकव्हरी इम्प्रूव्ह्ड.’ हिशेब तपासणाऱ्यांनी विचारलं, वसुली नंतर सुधारली असं म्हणायचं आहे, की वसुली सुधारली म्हणून ठेवींचं मनावर घेऊ नका असं? वाक्य दोन्हीकडे जात होतं. घडलेल्या घटना एकामागून एक आल्या की बट देन काळाचं होतं, आणि असलेली परिस्थिती सांगितली की समजुतीचं. ‘द रूम इज स्मॉल, बट देन द रेंट इज लो’ याला मराठीत नेमका शब्द आहे, ‘म्हणा’. खोली लहान आहे, पण भाडंही कमी आहे म्हणा. ‘म्हणा’ बसत असेल तरच बट देन लिहा. क्रम सांगायचा असेल तर लेटर लिहा, किंवा सरळ महिना लिहा.

दोन पूर्ण वाक्यं जोडताना स्वल्पविराम बटच्या आधी. बट आणि स्टिलच्या मध्ये नको, अँड आणि येटच्या मध्येही नको. वाक्याची सुरुवात बटने केली तरी चालते.

एवढं झाल्यावर वाक्य क्रियाविशेषणाशिवाय, मग बटशिवायही वाचून बघा. एका विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात होतं, ‘तो अबोल आहे, पण तरीही कामात चोख आहे.’ बट स्टिल लिहिलं असतं तर अबोल असणं हा दोष ठरला असता. ‘ती खेड्यातली आहे, तरीही इंग्रजी उत्तम बोलते’ हे वाक्यही मला पुष्कळदा भेटतं, आणि ते मी तसंच इंग्रजीत नेत नाही. लिहिणाऱ्याला फोन करून विचारते, यात विरोध कुठे आहे? त्या मुलाच्या पत्रात शेवटी गेलं ते इतकंच: ‘ही इज क्वाएट अँड थरो.’