मोठ्या प्रतिकृतीतील हलत्या भागांना मोटर बसवताना

रणगाड्याच्या १:१६ प्रमाणातील प्रतिकृतीत टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता बुरूज) फिरवायचा आणि तोफेची नळी वरखाली करायची असेल, तर मोटर निवडण्याआधी तो भाग बोटाने हलवून पाहावा. तो संपूर्ण कक्षेत सारख्याच हलकेपणाने फिरला पाहिजे. मध्येच कुठे अडत असेल, तर जास्त ताकदीच्या मोटरने ती अडचण जात नाही. ती फक्त झाकली जाते आणि पुढे गिअरचे दात झिजवते. टरेटखाली रुंद बेअरिंग आणि नळीच्या आसाला पितळी बुश (आस ज्यात फिरतो ते कडे) याच टप्प्यावर घालावेत.

त्यानंतर लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, काढावी. नळीचे वजन २०० ग्रॅम आणि तिचा गुरुत्वमध्य आसापासून १० सेंटिमीटर पुढे असेल, तर ती नुसती आडवी धरून ठेवण्यासाठीच २ किलो-सेंटिमीटर टॉर्क लागतो. ९ ग्रॅमच्या छोट्या सर्व्होची (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या मोटरची) कमाल ताकद साधारण तेवढीच असते, आणि सतत कमाल ताकदीवर राबणारा सर्व्हो तापून निकामी होतो. अशा वेळी मोठा सर्व्हो घेण्याचा मोह होतो. पण आसाच्या मागे ५ सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम शिसे बसवले, तर दोन्ही बाजू समतोल होतात आणि सर्व्होला केवळ घर्षण व जडत्व यांवरच मात करावी लागते. टरेटमध्ये तेवढी जागा नसेल, तरच काढलेल्या टॉर्कच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो वापरावा.

प्रतिकृती भारदस्त वाटते की खेळण्यासारखी, हे बहुतांशी वेगावर ठरते. लांबी सोळापट लहान झाली, तरी कोन लहान होत नाही. म्हणून खरा टरेट एका फेरीला २० सेकंद घेत असेल, तर प्रतिकृतीतही तेवढेच सेकंद लागावेत, म्हणजे मिनिटाला ३ फेऱ्या. मिनिटाला ३० फेऱ्यांची गिअर मोटर, तिच्यावर १२ दातांचे पिनियन (छोटे दातेरी चाक) आणि टरेटच्या कड्याला १२० दात, अशी जुळणी केली की हा वेग मिळतो. केवळ व्होल्टेज उतरवून वेग कमी करू नये, कारण त्यामुळे डीसी मोटरची ताकदही घटते आणि ती सुरू होताना अडखळते. वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक) वापरल्यास वीज बंद असतानाही टरेट जागचा ढळत नाही. मात्र कोणीतरी तो हाताने फिरवून पाहणारच, हे गृहीत धरून मध्ये घर्षणावर चालणारा क्लच (जोर पडल्यास घसरणारा जोड) ठेवावा.

मोटरला वीज पुरवणारे सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, निवडताना मोटर अडकल्यावर ओढला जाणारा करंट विचारात घ्यावा, कारण तो नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट असतो. सर्व्होंना नियंत्रक बोर्डापेक्षा वेगळा वीजपुरवठा द्यावा, पण दोन्हींचे ग्राउंड जोडलेले असावे. टरेट पूर्ण गोल फिरवायचा असल्यास स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कडे) लागते. अन्यथा दोन लिमिट स्विचनी (टोकाला पोहोचताच मोटर थांबवणाऱ्या स्विचनी) फेरी ३४० अंशांवर थांबवली, तर वायरींना पीळ बसत नाही.

मोटर चिकटवू नये, स्क्रूनेच बसवावी, आणि रंगकाम झाल्यावरही त्या स्क्रूपर्यंत स्क्रूड्रायव्हर पोहोचेल अशी झडप तळाशी ठेवावी.