डी-बसवर पाथने सिग्नल फिल्टर करताय? या चुका टाळा

डी-बस म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम एकमेकांना मेसेज पाठवतात ती व्यवस्था, सिग्नल म्हणजे 'असं असं घडलं' असं सांगणारा मेसेज, आणि पाथ म्हणजे तो ज्या ऑब्जेक्टकडून निघाला त्याचा पत्ता. लिनक्सवर ब्लूटूथचा कोड लिहिणाऱ्यांची ठरलेली तक्रार: स्कॅन चालू केलं, बाकी सिग्नल येतायत, पण नवीन डिव्हाइस सापडल्यावर इंटरफेसेस-ॲडेड नावाचा जो सिग्नल यायला हवा तो काही येत नाही. मॅच रूल (कुठले मेसेज हवेत ते बसला सांगणारा नियम) बघावा तर त्यात पाथ-नेमस्पेस (हा पाथ आणि त्याखालचे सगळे) '/ऑर्ग/ब्लूझ' टाकलेलं असतं. दिसायला एकदम बरोबर, पण तो सिग्नल डिव्हाइसच्या पाथवरून निघतच नाही. तो पाठवतो ऑब्जेक्ट मॅनेजर, म्हणजे सर्व्हिसमधल्या ऑब्जेक्ट्सची यादी सांभाळणारा इंटरफेस, आणि ब्लूझचा (लिनक्सची ब्लूटूथ सर्व्हिस) ऑब्जेक्ट मॅनेजर बसलाय थेट रूटवर, म्हणजे नुसत्या '/' वर. डिव्हाइसचा पाथ मेसेजच्या आत पहिला आर्ग्युमेंट म्हणून येतो. पाथ फिल्टर फक्त हेडरमधला पाथ बघतो, सिग्नल कुठून निघाला एवढंच, कुणाबद्दल आहे ते नाही. यूडिस्क्स२ या डिस्क सांभाळणाऱ्या सर्व्हिसमध्ये ऑब्जेक्ट मॅनेजर '/ऑर्ग/फ्रीडेस्कटॉप/यूडिस्क्स२' वरच असतो, त्यामुळे तिकडे असा रूल मस्त चालतो आणि तोच कॉपी करून ब्लूझला लावला की गडबड होते.

मग करायचं काय, तर या सिग्नलसाठी वेगळा रूल लावा: सेंडर 'ऑर्ग.ब्लूझ', मेंबर इंटरफेसेस-ॲडेड, आणि आर्ग०पाथ (आर्ग० म्हणजे पहिला आर्ग्युमेंट) '/ऑर्ग/ब्लूझ/'. शेवटचा स्लॅश इथे लागतोच, तो असला तरच खालचे सगळे पाथ जुळतात. आणि '/ऑर्ग/ब्लूझ/एचसीआय०/' लिहिलंत तर त्या ॲडाप्टरखालची डिव्हाइसं येतील पण खुद्द ॲडाप्टर येणार नाही, कारण त्याच्या पाथच्या शेवटी स्लॅश नसतो.

आता गंमत म्हणजे साध्या पाथ आणि पाथ-नेमस्पेसमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे शेवटी स्लॅश दिला की पाथच चुकीचा ठरतो आणि बस अख्खा रूल नाकारते. हे लवकर लक्षात येत नाही, कारण लिबडीबस या डी-बसच्या सी लायब्ररीतल्या ॲड-मॅच फंक्शनला एररच्या जागी नल दिला तर ते उत्तराची वाट बघत नाही, रूल नाकारला गेला तरी तुम्हाला कळतच नाही. डीबगिंग करताना तरी एरर पॉइंटर द्या, प्लीज. पाथ आणि पाथ-नेमस्पेस दोन्ही एकाच रूलमध्ये टाकलं तरी रूल असाच उडतो.

प्रॉपर्टीज-चेंज्ड (प्रॉपर्टी बदलल्याचा) सिग्नल मात्र त्या त्या डिव्हाइसच्याच पाथवरून येतो, तिथे पाथ-नेमस्पेस बिनधास्त वापरा. फक्त इंटरफेसच्या जागी 'ऑर्ग.ब्लूझ.डिव्हाइस१' लिहू नका, सिग्नलचा इंटरफेस 'ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.डीबस.प्रॉपर्टीज' असतो आणि डिव्हाइस१ हे नाव आर्ग० मध्ये द्यायचं.

बसने गाळून दिलं म्हणून हँडलरमध्ये तपासायचं सोडू नका. एका कनेक्शनवर लावलेल्या रूल्सपैकी कुठलाही एक जुळला तरी मेसेज येतो, त्यामुळे त्याच कनेक्शनवर दुसऱ्या कुठल्या लायब्ररीने मोकळाढाकळा रूल लावला असेल तर तिचेही मेसेज तुमच्या फिल्टर फंक्शनपर्यंत पोचतात. आणि तपासताना नुसतं स्टार्ट्स-विथ वापरू नका, 'एचसीआय१' ला 'एचसीआय१०' पण जुळतं, पूर्ण पाथ सारखा आहे का किंवा पुढचं अक्षर स्लॅशच आहे का ते बघा. सेंडर पण टाकाच, पाथ कुणाच्या मालकीचा नसतो, बसवरचा दुसरा प्रोसेस त्याच पाथने सिग्नल पाठवू शकतो.

दर डिव्हाइसला एक रूल लावत सुटायची सवय पण वाईट, डीबस-डेमनमध्ये (बस चालवणारा प्रोग्राम) सिस्टम बसवर एका कनेक्शनला डीफॉल्ट मर्यादा ५१२ रूल्सची आहे. एकच पाथ-नेमस्पेस लावा आणि बाकीचं कोडमध्ये वाटून घ्या.

क्रम पण महत्त्वाचा, आधी रूल लावा मग गेट-मॅनेज्ड-ऑब्जेक्ट्स (आत्ता असलेल्या सगळ्या ऑब्जेक्ट्सची यादी देणारी मेथड) बोलवा, उलट केलंत तर मधल्या क्षणात जोडलं गेलेलं डिव्हाइस तुमच्या यादीत कधीच येणार नाही.

तरीही काही येत नसेल तर सुडो लावून डीबस-मॉनिटर (बसवरचे मेसेज छापून दाखवणारं टूल) सिस्टम बसवर चालवा, रूलमध्ये आधी फक्त सेंडर ठेवा, आणि छापून येणाऱ्या ओळीत पाथ काय आहे ते डोळ्यांनी वाचा. मग एकेक अट वाढवत जा, ज्या अटीला सिग्नल गायब होतो तीच चुकलीय.