स्तनाच्या कर्करोगावर किमोच्या गोळ्या घरी सुरू आहेत? या चुका टाळा

नागपूरच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यातून गोळ्यांची पिशवी घेऊन बाई गावी परतते तेव्हा घरच्यांना हायसं वाटतं. आता सलाईन नाही, भरती नाही, नुसत्या गोळ्या. इथूनच घोळ सुरू होतो. इथे बोलणं आहे ते कॅपेसिटाबिन नावाच्या गोळीबद्दल. ही गोळी पोटात गेली की शरीरात तिचं फाइव्ह-एफयू हे औषध तयार होतं. दवाखान्यात सलाईनमधून देतात तेच हे औषध. म्हणजे ही किमोच आहे. दवाखान्यात नर्सचं लक्ष असतं, घरी ते आपल्यालाच ठेवावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक: सोसत राहणं

आपल्याकडच्या बायांना सोसायची सवय फार. दिवसातून सहा-सात वेळा वावराच्या कडेला जावं लागलं तरी सांगायचं नाही, कारण "डॉक्टर गोळ्या बंद करतीन, मंग बिमारी वाढन." ही भीती मला फार ठिकाणी ऐकू येते आणि हीच सगळ्यात जास्त घात करते.

दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा त्याहून जास्त वेळा जादा जावं लागलं, रात्री उठून जावं लागलं, तोंड इतकं आलं की वरणभातही गिळवत नाही, दिवसातून दोनदा किंवा जास्त उलटी झाली, किंवा हातपाय दुखून कामच होईना, तर पुढची गोळी घेऊ नका. लगेच कर्करोगाच्या दवाखान्यात फोन करा. अशा वेळी डॉक्टर काही दिवस गोळ्या थांबवतात, त्रास उतरल्यावर गरज असेल तर कमी डोसने पुन्हा सुरू करतात. यात उपचार फसला असं काही नाही. उलट त्रास असताना गोळ्या चालूच ठेवल्या तर शरीर कोरडं पडतं, किडनीवर ताण येतो आणि मग खरोखरच भरती व्हावं लागतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हगवणीने माणूस एका दिवसात खचतो. ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तर्री, ठेचा, दूध त्या दिवसांत बाजूला ठेवा. हगवण थांबवायची गोळी कोणती आणि किती, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

तापावर क्रोसिन घेऊन झोपणं

किमोने संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही. गावातल्या डॉक्टरकडून एक सुई टोचून घेतली आणि ताप उतरला, तरी आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. थर्मामीटर घरात ठेवा, १०८ ला फोन करा, आणि "किमोच्या गोळ्या सुरू आहेत" हे पहिलं वाक्य असू द्या. छातीत दुखलं तरी हेच. ते ॲसिडिटी समजून सोडा पिऊन बसू नका, या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात.

हातापायांवर बिब्बा, शेक आणि राख

तळहात-तळपाय लाल होणं, चुरचुरणं, साल निघणं, भेगा पडणं हा या गोळ्यांचा नेहमीचा त्रास. टाचांना भेगा दिसल्या की घरची म्हातारी बिब्बा काढते. कृपा करून लावू नका. धडधाकट कातडीवरही बिब्बा उततो, ही कातडी तर आधीच भाजल्यासारखी झालेली असते. गरम पाण्याचा शेक नको, राखेने भांडी घासणं नको, तापल्या जमिनीवर अनवाणी चालणं नको. कापूस वेचणी शक्य असेल तर या काळात टाळाच, बोंडाची वाळकी टोकं बोटं सोलतात. निंदणीला खुरप्याची मूठ घट्ट धरणंही तसंच.

पहिल्या गोळीपासूनच, लाली यायच्या आधी, दिवसातून दोन-तीनदा युरिया असलेलं मलम हातापायांना हलक्या हाताने लावा, चोळू नका. रात्री सैल सुती मोजे. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाचं जेल हातापायांना लावल्याने हा त्रास कमी झाल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. आपल्यासाठी चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक गोष्ट सहसा कुणी आधी सांगत नाही. या त्रासात बोटांचे ठसे पुसट होतात. रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही आणि बाई रिकामी पिशवी घेऊन घरी येते. डोळ्याच्या स्कॅनचा किंवा ओटीपीचा पर्याय मागा, आधारला मोबाइल नंबर आधीच जोडून ठेवा.

उपास आणि वेळ

गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दोन वेळा, साधारण बारा तासांच्या अंतराने. श्रावण सोमवारी नुसत्या चहावर गोळी घेणं चूक, आणि "आज उपास आहे" म्हणून गोळीच न घेणंही चूक. औषध सुरू असेपर्यंत उपास सोडा, देव रागावत नाही. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. घेतल्यावर उलटी झाली तरी परत घेऊ नका.

बहुतेकांना १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असते, पण तुमच्या चिठ्ठीवर असेल तेच खरं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. गोळ्या ५०० आणि १५० मिलीग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येतात. नवीन पाकीट घेताना आकडा वाचून घ्या.

ताकदीची लाल गोळी

अशक्तपणा दिसला की कुणीतरी प्रेमाने लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी हातात ठेवतं. फॉलिक ॲसिडने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा फिटसाठी फेनिटोइन सुरू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आशाताईंनाही हे सांगून ठेवा, त्या लक्षात ठेवतात.

गोळी फोडू नका, कुटू नका. घरातल्या गरोदर सुनेने तिला हात लावू नये. टिनाच्या छपराखाली गोळ्या तापतात, घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीत लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. उरलेल्या गोळ्या चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. पुढच्या तारखेला रिकाम्या पाकिटांसकट सोबत न्या, किती घेतल्या आणि किती सुटल्या हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.